साडूच्या बॉनेटवरचं तोंड

१२ सप्टें., शुक्रवार

प्रशांतची गाडी आली. प्रशांत म्हणजे माझा साडू, सुनीच्या धाकट्या बहिणीचा, रेखाचा नवरा. वसमतला हळदीची आडत आहे त्याची. यापुढं नुसतं प्र. लिहीन. अख्ख्या नावाला शाई कोण घालवणार.

मी ट्रॅक्टरच्या मडगार्डखाली आडवा होतो. कनेरगाव नाक्याच्या वळणावरूनच आवाज आला. पडल्यापडल्या ओळखलं, टर्बो आहे, सायलेन्सर बदललेला आहे. बाहेर येऊन बघतो तर निळी गाडी, बुटकी, रुंद चाकांची, अन् आतून हा उतरून राहिला. पांढरा शर्ट. पुण्याच्या कुण्या हौशी माणसाकडून घेतली म्हणे. त्यानं इंजिनात पुष्कळ काम केलेलं.

"कशी हाय, साडूभाऊ?"

"बरी हाय," मी म्हणलं. बरी! घशातून तेवढंच निघालं.

छातीत काय झालं ते लिहायला लाज वाटते, पण इथं नाही लिहिणार तर कुठं. जळालं. सरळ जळालं. वीस वर्षं गाड्यांच्या खाली पाठ घासली मी. असली गाडी कुठून मिळते, तिचा कोणता नट किती आवळायचा, सगळं पाठ. अन् मिळाली कुणाला, तर ज्याला स्टेपनी बदलाय येत न्हाई त्याला.

चहा पिता पिता त्याची नजर भिंतीवर गेली. खिळ्याला माझं स्कूप टांगलेलं.

"हे काय हो?"

सांगावं लागलं. बॉनेटवर समोर तोंड करून बसवायचं. गाडी जितकी जोरात, तितकी थंड हवा जोरात आत. इंजिन मोकळं पळतं.

"मंग हे माझ्या गाडीला बसंल की!"

चहा सांडला माझा.


१३ सप्टें.

स्कूप खाली काढून पुसलं. परत टांगलं.

सव्वा वर्ष ठोकलंय ते. ताटाएवढा पत्रा, वाळूची पिशवी, लाकडी हातोडा. एकबी सांधा न्हाई, एकबी वेल्डिंग न्हाई. दोनदा फाटलं, दोनदा नव्या पत्र्यावर सुरुवात केली. हे माझ्या लाल गाडीसाठी होतं. लाल गाडी शेडच्या मागं ताडपत्रीखाली. सहा वर्षं झाली. इंजिन अजून मिळायचंय, पण बॉनेटवर खडूनं जागा आखून ठेवलीय. कोणी मागितलं म्हणून द्यायला ती काय वाटीभर साखर आहे?

देणार न्हाई. विषय संपला.


१४ सप्टें., रविवार

मामीचा फोन. (सासूबाई. आमच्याकडं मामीच म्हणतात.) प्र. नं तिच्यापर्यंत पोचवलं. लेकाचा.

"दत्ता, दे की रे त्या लेकराला ते. तुझी गाडी काय उद्या निघून राहिली व्हय?"

लेकरू! चौतीस वर्षांचं लेकरू, दाढी पांढरी व्हायला लागली कानापाशी.

सुनीला वाटलं होतं माझी बाजू घेईल. ती म्हणते, "तुमची ती ताडपत्रीखालची कधी उठायची? तिच्या बुडाखाली कोंबडी बसली, पिल्लं निघाली, आता त्या पिल्लांची अंडी खाऊन राहिलो आपण." अन् वर हसते.

जेवलो न्हाई. म्हणजे जेवलो, पण बोललो न्हाई.


१६ सप्टें.

प्र. चा फोन. गोड बोलला. "तकलीफ घेऊ नका साडूभाऊ. नसंल जमत तर राहू द्या. पुण्याला फायबरचं तयार मिळतं, कुरियरनं येतं. दोन स्क्रू मारले की झालं."

फायबरचं. दोन स्क्रू. त्या बॉनेटवर!

"घेऊन ये गाडी," म्हणून बसलो मी. फोन ठेवल्यावर स्वतःच्याच थोबाडीत मारावी वाटली. माझ्या हातानं माझं स्कूप त्याच्या गाडीला. पण ते प्लास्टिकचं नाकाड त्या गाडीवर बघणं त्याच्यापेक्षा वाईट होतं, हे माझ्यासारख्यालाच कळणार. प्र. ला माझी नाडी सापडली का उगंच बोलून गेला, काय माहीत.


२० सप्टें., शनिवार

गाडी शेडमध्ये. प्र. ठेवून गेला. दार लावून आधी आत बसलो. अर्धा तास. चालू केली न्हाई, नुसता बसलो. सीटला त्याच्या अत्तराचा वास. खिडक्या उघडल्या.

सुनी चहा घेऊन आली, मला बघितलं, चहा बॉनेटवर ठेवून गेली. कप उचलताना पहिल्यांदा डाग पुसला मी. कुणाची गाडी अन् कुणाचा जीव.


२१ सप्टें.

खोक्याच्या पुठ्ठ्यातून नमुना कापला. बॉनेटवर ठेवून तीनदा आखलं. चारी कोपऱ्यांना आधी भोकं. ती पाडली न्हाईत तर कापताना पत्रा कोपऱ्यातून फाटत जातो, मग रडत बसा. ग्राइंडर हातात घेतला अन् पाच मिनिटं तसाच उभा. दुसऱ्याच्या एवढ्या महागाच्या गाडीचं बॉनेट कापायचं म्हणजे हात कापतोच. पण माझा हात त्यापायी थांबला नव्हता. एक वाकडा कट मारला तर? कुणाला कळणार? 'पत्रा हलला' म्हणलं की झालं.

सरळच कापलं. हाताला वाकडं कापाय येतच न्हाई, त्याला मी काय करू.


२४ सप्टें.

पाऊस हटत न्हाई. शेडमध्ये बल्ब लावून काम. खाली फिल्टरचा डबा केला. स्कूपमधून हवा डब्यात, डब्यातून फिल्टर, फिल्टरमधून नळीनं टर्बोच्या पंख्याला, जो ती दाबून इंजिनात कोंबतो. पावसाचं पाणी आत आलं तर जायला डब्याच्या खालच्या कोपऱ्यात पन्हाळ काढली, बोटभर खोल. वरून दिसत न्हाई. असं काम पुण्याला होत न्हाई, लिहून देतो.

तोंडाला जाळीबी केली. बारीक, स्टीलची, कडा वळवून. पाखरू, पाला, खडा, काही आत जाऊ नये.


२७ सप्टें., शनिवार

प्र. आला न्यायला. बघतच राहिला. बॉनेटभोवती दोन चकरा मारल्या. खुशीनं हात धरला माझा, काळा झाला त्याचा हात, पुसलाबी न्हाई. तेवढं चांगलं केलं.

जाळी दाखवली. "नको हो साडूभाऊ. बैलाच्या तोंडाला मुसकं बांधल्यावानी दिसतं. तोंड उघडं राहू द्या, त्यातच शान हाय."

मी सांगितलं, आत काही जाईल. तो म्हणला, फिल्टर हाय की.

जाळी खिळ्याला टांगली. स्कूपच्या रिकाम्या जागेवर.

हिंगोलीकडं तो गेला तेव्हा रस्त्यावर उभा राहून आवाज ऐकला. हवा ओढतानाचा एक निराळाच आवाज येतो, खोल. माझ्या गाडीला असाच येणार होता.


२ ऑक्टो., दसरा

सेनगावकडं, सासुरवाडीला. आमचं जाणं मोटारसायकलवर, डिक्कीत सुनीची साडी. निळी गाडी आधीच दारात. तिच्याभोवती अर्धं गाव. दरसाल मी पोचलो की मामा (सासरे) ओसरीवरून उठून पुढं येतात, मोठा जावई म्हणून. आज मामाबी बॉनेटपाशी. मला बघून म्हणतात, "अरे दत्ता, हे बघितलं का?"

बघितलं का! मी?

ताट पहिलं प्र. ला वाढलं. रेखा म्हणली चुकून झालं. सोळा वर्षांत चुकून झालं नव्हतं.

मग गाडीची पूजा. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, नारळ. नारळ माझ्या हातात, फोडायचा मान मोठ्या जावयाचा, तेवढा तरी उरला. सगळे नारळाकडं बघत होते. मामी एकटी स्कूपपाशी उभी. तिनं लाल दोरा गुंडाळलेलं हळकुंड ओटीतून काढलं, कुंकू लावलं.

"दत्तानं याला एवढं मोठं तोंड दिलंय," स्वतःशीच म्हणली, "मंग उपाशी काहून ठेवायचं?"

अन् आत सोडलं. खुडखुड करत खाली गेलं. वसमतचं पॉलिश केलेलं हळकुंड, दगडावानी कडक.

"मामी, काढाय पाहिजे ते," मी हळूच म्हणलं.

"दिलेला घास कुणी काढतं व्हय?" म्हणून गेली चूल बघायला.

म्हणलं राहू द्या, गर्दी हटली की बॉनेट उघडून काढून टाकू. दोन मिनिटांचं काम. फिल्टर आहे तोवर त्याच्यापलीकडं जात न्हाई.

तेवढ्यात गावातल्या एका पोरानं प्र. ला विचारलं, "भाऊ, हे वरचं कुठून बसवलं?"

प्र. म्हणला, "पुण्याहून. ऑर्डर देऊन करून घेतलंय."

मी तीन हातांवर. हातात फुटलेला नारळ. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं.

मी बॉनेट उघडलं न्हाई.

सोनं देताना प्र. पाया पडला. आपट्याचं पान हातात देऊन "सोन्यासारखं राहा साडूभाऊ" म्हणला. मीबी म्हणलं.


३ ऑक्टो.

पुण्याहून.

सकाळपासून हा एकच शब्द. ग्रीस भरताना, जेवताना, पाणी पिताना. सव्वा वर्ष. दोन फाटलेले पत्रे अजून मागं पडलेत, दाखवू शकतो कुणालाबी. पुण्याहून!

सुनीला सांगितलं. तिनं तवा खाली उतरवला. मग म्हणली, "चुकलंच त्याचं." पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलली अन् मला त्यानं बरं वाटायच्या ऐवजी आणखीच चढलं.

हळकुंडाचं सांगितलं न्हाई.


६ ऑक्टो., सोमवार

दुपारी प्र. चा फोन.

"साडूभाऊ, बारा तारखेला संभाजीनगरच्या पलीकडं गाड्या पळवायच्या हायत. पाव मैल, सरळ. एकाची खाजगी धावपट्टी हाय, परवानगी बिरवानगी सगळं बराबर." थांबला. मागं टकटक आवाज येत होता, टेबलावर काहीतरी वाजवत बसला होता, त्याची सवय. "पोरं म्हणतात, फिल्टर काढून टाकला तर अजून हवा घेईल. तुमी सांगा. फिल्टर काढू का?"

फिल्टर काढला की डब्यातून सरळ टर्बोचा पंखा. तो किती जोरात फिरतो ते प्र. ला माहीत न्हाई, मला आहे. त्यात वाळूचा खडा गेला तरी पाती तुटतात. हळकुंड गेलं तर...

माझ्या तोंडातून निघालं, "काढ की."

टकटक थांबली. मग तो म्हणला, "बरं."

दोन शब्द माझे, एक त्याचा. एवढंच झालं.


७ ऑक्टो.

त्याला डबा उघडावाच लागेल. फिल्टर काढायचा तर डबा उघडल्याशिवाय निघतच न्हाई. उघडला की हळकुंड दिसंल, उचलून टाकंल. मग माझा काय दोष?

हिशेब बराबर आहे.


८ ऑक्टो.

बराबर न्हाई. पन्हाळ. हळकुंड घरंगळून पन्हाळीतच पडलं असणार, अन् पन्हाळ वरून दिसत न्हाई. मीच तशी केलीय. गाडी जोरात सुटली की मागं ढकललं जाऊन वर येणार, नळीच्या तोंडाशी. मनातल्या मनात त्याचा रस्ता दहादा आखला. कुठंच अडकत न्हाई. काम चांगलं केलंय ना.

मग वाटलं, येऊ दे. होऊ दे धूर. सगळ्यांसमोर. 'पुण्याहून' बनवलेलं हाय ना, पुण्याला ने दुरुस्तीला.

असं वाटलं. लिहिलं. आता वाचून अंगावर काटा येऊन राहिला, तरी खोडत न्हाई.


९ ऑक्टो., गुरुवार

सुनी भाकऱ्या थापत होती. सहज म्हणली, "रेखाबी बसणार हाय म्हणे गाडीत, पळवताना. हट्टच धरला तिनं."

मी विचारलं, "काहून?"

"काहून म्हणजे? नवऱ्याची गाडी हाय."

पंखा फुटला की तेल बाहेर येतं. तेल तापल्या नळीवर पडलं की पेट घेतं. मी बघितलंय, एका ट्रकचं.

रेखाचं लग्न झालं तेव्हा ती माझ्यापाशी येऊन रडली होती, "दाजी, मला गाडीत उलटी होते, हळू चालवायला सांगा त्यांना." आठवलं.


१० ऑक्टो.

फोन लावला. वाजला. दोनदा वाजला अन् मी कापला.

काय सांगणार? परवा 'काढ की' म्हणलो, आज 'नको' म्हणलो तर विचारणार, काहून? आत काय हाय? तुमाला कधीपासून माहीत हाय? दसऱ्यापासून? मग सोमवारी का न्हाई सांगितलं?

परत लावला. लागला न्हाई. रेंजच्या बाहेर. खोटं कशाला, बरं वाटलं.


११ ऑक्टो., शनिवार

काम केलं न्हाई. एक गिऱ्हाईक पंक्चर घेऊन आलं, त्यालाबी उद्या ये म्हणलं. उद्या मी असणार न्हाई हे बोलल्यावर ध्यानात आलं. म्हणजे जायचं ठरलेलंच होतं आतल्या आत.

खिळ्यावरची जाळी काढली, पिशवीत टाकली. पाना, पेचकस, फडकं. सुनी म्हणली कुठं? जाळी बसवायची राहिली, म्हणलं. तिनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.


१२ ऑक्टो., रविवार (बसमध्ये बसून लिहितोय, अक्षर वाकडं)

पहिली गाडी धरली हिंगोलीहून. जिंतूरपर्यंत उभा.

पोचलो तेव्हा ऊन चढलेलं. धावपट्टीच्या कडेला दहाबारा गाड्या. निळी लांबूनच दिसली. बॉनेट उघडं. रेखा ओढणी बांधून शेजारी उभी, हेल्मेट हातात. फिल्टर काढून मागच्या सीटवर ठेवलेला.

प्र. मला बघून चमकला न्हाई. "या," म्हणला. जसा काही मी येणारच होतो.

मी डबा उघडला. पन्हाळीत बोट घातलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

न्हाई.

परत घातलं. नळी काढून आत बघितलं. टर्बोच्या तोंडाशी बघितलं. कुठंच न्हाई. बोट वर काढलं, त्याला धूळबी न्हाई. पन्हाळ आतून पुसलेली.

"काय शोधून राहिले साडूभाऊ?"

पाठीमागं उभा होता.

"काही न्हाई. जाळी बसवाय आलो."

मला वाटलं मुसक्याचं परत काढणार. तो म्हणला, "बसवा."

जाळी बसवली. एक स्क्रू खाली पडला, तो त्यानं उचलून दिला. मग मी म्हणलं, "फिल्टरबी घाल परत."

"तुमीच म्हणलात काढ म्हणून."

"चुकलो मी."

माझ्याकडं बघत राहिला. "बरं," म्हणला. "घाला मंग."

पळाली. काय पळाली! सुटतानाच तो खोल आवाज, अन् मग नुसती निळी रेघ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुळीनं आलं म्हणू का? न्हाई, धुळीनं न्हाई आलं. माझं स्कूप होतं ते, अन् माझी गाडी नव्हती.

त्याच्या गटातल्या सातात तिसरा आला. रेखा उतरून हसत होती, ओढणी सुटलेली. एक माणूस कॅमेरा घेऊन आला, स्कूपवर हात फिरवून म्हणला, "एकसंध पत्रा हाय हा! कुणी केलं?"

मी मान खाली घातली. आता पुणं ऐकायचं.

"हे उभे हायत ना," प्र. म्हणला. "माझे मोठे साडू. कनेरगाव नाक्यावर शेड हाय यांची. हातानं ठोकलंय."

सगळे माझ्याकडं बघाय लागले. मला पळून जावं वाटलं. दहा दिवसांपूर्वी याच वाक्यासाठी जीव टाकला होता. आज ऐकलं अन् कानाखाली वाजवल्यासारखं झालं.

गाडीतून सोडतो म्हणला हिंगोलीपर्यंत. नको म्हणलं, बस आहे.


१३ ऑक्टो.

कुठं गेलं हळकुंड?

एक: मामीनंच काढलं. पण ती म्हणली दिलेला घास काढत न्हाईत. दोन: रस्त्यात उडालं. उडणार कसं, वर यायला वाट न्हाई. तीन: प्र. नं फिल्टर काढताना काढलं. मग तो बोलला का न्हाई? एवढी मजेची गोष्ट, गाडीच्या पोटात हळकुंड सापडलं, घरभर सांगत सुटला असता. फोन करून मलाच सांगितलं असतं.

अन् काढलं तर कधी काढलं? सोमवारच्या फोनच्या आधी का नंतर?

नंतर काढलं असंल तर त्याला काहीच माहीत न्हाई. मामीला विचारलं असंल, तर तिनं माझं 'काढाय पाहिजे'बी सांगितलं असणार. आधी काढलं असंल तर...


१५ ऑक्टो.

विचारावं म्हणून फोन हातात घेतला. 'ते हळकुंड कुठाय?' एवढंच विचारायचं. पण कोणतं हळकुंड, म्हणला तर? मला माहीत होतं हे कबूल केल्यासारखं होतं. विचारता येत न्हाई. जन्मभर विचारता येणार न्हाई.

माझ्या हातानं केलेल्या पन्हाळीत मीच अडकलोय.


१८ ऑक्टो.

दिवाळी आली. दोन जण येऊन गेले, कॅमेरावाल्यानं नेटवर टाकलेलं बघून. एक जालन्याचा, एक वाशिमचा. दोघांना तसंच तोंड पाहिजे. हो म्हणलं. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला, पण त्याच्या बुडाशी काहीतरी टोचून राहिलं.


२४ ऑक्टो., शुक्रवार

वसमतला, प्र. कडं फराळाला. सुनीनं आठ दिवस आधीपासून धरलं होतं, टाळता आलं न्हाई.

आडतीत बसवलं. चिवडा, शंकरपाळे, हळदीचा वास. प्र. गोड, रेखा गोड, मीच आपला घाम पुसत.

मग म्हणला, "चला साडूभाऊ, आज तुमी चालवा. एकदाबी चालवली न्हाई तुमी. तुमचंच काम हाय की ते." अन् किल्ली पुढं केली.

किल्लीला हळकुंड बांधलेलं. लाल दोरा. कुंकवाचा ठिपका पुसट झालेला, एका बाजूला काळं तेल लागलेलं.

हात पुढं केला तो तसाच राहिला माझा. प्र. नं किल्ली तळहातावर ठेवली, बोटं मिटवली माझी. बस्स.

चालवली. परभणी रोडला, सरळ रस्ता. इतक्या वर्षांत असली गाडी हातात आली न्हाई. पाय नुसता टेकवला की पाठ सीटला. तो खोल आवाज समोरून, माझ्या पत्र्यातून. हळकुंड गुडघ्यापाशी हिंदकळत होतं, मधूनमधून खालच्या प्लास्टिकवर आपटत होतं. टकटक. टकटक.

तो आवाज मी ऐकलेला होता. सोमवारी, फोनवर.

गाडी बाजूला घेतली. उसाच्या फडाजवळ. इंजिन चालू ठेवलं. दोघंबी समोर बघत.

मग प्र. म्हणला, "पुढच्या महिन्यात परत हाय पळवायचं." आवाज नेहमीसारखा. "साडूभाऊ, या वेळी फिल्टर काढू का?"

मी किल्लीकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता. उसाची एक ट्रॉली गेली, धूळ उडाली, धूळ खाली बसली.

"नको," मी म्हणलं. "कधीच नको काढू."

"बरं," म्हणला.

त्या दिवशी म्हणला होता तसंच. बराबर तसंच. मग खिशातून बडीशेप काढून अर्धी मला दिली.

घरी आलो. सुनी म्हणते कशी वाटली गाडी? लई भारी, म्हणलं.

टेबलावर माणूस काहीबी वाजवतो. पेन वाजवतो, चमचा वाजवतो. मला काय फोनमधून दिसत होतं?

पण त्याला माहीत असंल, सोमवारपासून, तर माहीत असून त्यानं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. माहीत असून आज किल्ली हातात दिली, शेजारी बसला, पट्टासुद्धा लावला न्हाई. मी त्याच्या जागी असतो तर दारात उभं केलं नसतं. गाडीसाठी जळलो, ताटासाठी जळलो, पुण्यासाठी जळलो. हे जे काही त्याच्यापाशी आहे अन् माझ्यापाशी न्हाई, त्याची आग सगळ्यात जास्त होऊन राहिली आता. हे कोणत्या पत्र्यातून ठोकून काढू?

अन् माहीत नसंल, तर मग

सुनी हाक मारून राहिली. ताट वाढलंय म्हणते.